सात मजल्यांचा ठोकळा: उष्णता आणि दाबाने जोडलेल्या ॲक्रिलिकचा अनुभव

गेल्या जुलैमध्ये आमच्या नाट्यमंडळाने एकांकिका स्पर्धेच्या पारितोषिकांसाठी ॲक्रिलिकचे, म्हणजे काचेसारख्या पारदर्शक प्लास्टिकचे, दोन जाड ठोकळे करून घेतले. गोव्याच्या फोंडा तालुक्यातील एका औद्योगिक वसाहतीच्या टोकाला असलेल्या लहानशा कारखान्याने हे काम केले. तेथे ॲक्रिलिकच्या शीट कोणताही गोंद किंवा द्रावक (प्लास्टिक विरघळवणारे द्रव) न वापरता, केवळ उष्णता आणि दाब यांच्या बळावर एकमेकींना जोडल्या जातात. कारखान्याचे नाव मी मालकांच्या सांगण्यावरून देत नाही. त्यांच्याकडे भट्टी एकच आहे, एका आठवड्यात दोनपेक्षा अधिक ठोकळे निघत नाहीत आणि फोनवर नकार देण्याचा त्यांना कंटाळा आलेला आहे. तथापि हे काम कसे होते, त्यात काय चांगले निघाले आणि कोठे पैसे वाया गेले, हे अशा कामाच्या शोधात असलेल्यांना उपयोगी पडावे, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

आम्हाला हवे होते ते म्हार्दोळ-मंगेशी परिसरातल्या कोणत्याही माणसाच्या डोळ्यांत बसलेले रूप. मंगेशीच्या देवळासमोरचा सात मजली दीपस्तंभ हातात मावेल एवढा करावा, मजले पारदर्शक असावेत आणि दोन मजल्यांच्या मधे रंगाची एक बारीक रेघ असावी, अशी कल्पना होती. मूळ दीपस्तंभ अष्टकोनी आहे, आमचा लेथवर, म्हणजे फिरवून कातण्याच्या यंत्रावर, उतरणार असल्यामुळे गोल होणार होता. या तडजोडीवर मंडळाच्या बैठकीत पाऊण तास चर्चा झाली, ती येथे सांगण्याचे कारण नाही. हिशेब असा होता: ८ मिलिमीटर जाडीच्या सात पारदर्शक शीट, त्यांच्यामध्ये ३ मिलिमीटर जाडीच्या सहा रंगीत शीट, म्हणजे एकूण तेरा थर आणि बारा सांधे. २०० मिलिमीटर लांब-रुंद ठोकळा जोडून त्याच्या कडा छाटल्या, की प्रत्येकी ६० मिलिमीटरचे नऊ तुकडे निघतात. दोन ठोकळ्यांचे अठरा तुकडे होणार होते आणि आमची गरज चौदांची होती.

हाच प्रयोग आदल्या वर्षी आम्ही दुसऱ्या एका दुकानाकडून करून घेतला होता व तो फसला होता. आपल्याकडे ॲक्रिलिकचे काम करणारी बहुतेक दुकाने क्लोरोफॉर्मने सांधे जोडतात. सिरिंजने दोन तुकड्यांच्या फटीत क्लोरोफॉर्म सोडला की तो आपोआप आत ओढला जातो, दोन्ही पृष्ठभाग क्षणभर विरघळवतो आणि उडून जातो. मागे ॲक्रिलिकला ॲक्रिलिक चिकटलेले राहते. दानपेटी, नावाची पाटी, दुकानातली काउंटरवरची पेटी अशा कामांत, जेथे सांधा केवळ शीटच्या कडेएवढा अरुंद असतो, तेथे ही पद्धत उत्तम आहे आणि तिला नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. मात्र हातभर रुंदीच्या दोन शीट समोरासमोर चिकटवायच्या असतील तर मधोमध गेलेल्या द्रावकाला बाहेर पडायला वाटच राहत नाही. तो आठवडेच्या आठवडे आत अडकून राहतो व तेवढा भाग मऊ ठेवतो. त्यातून आमचे काम भर आषाढात झाले. क्लोरोफॉर्म उडताना पृष्ठभागाची उष्णता घेऊन जातो, थंड झालेल्या पृष्ठभागावर दमट हवेतले पाणी धरते, आणि सांध्यात दुधाळ ढग उतरतो. ते ठोकळे लेथवर चढवले तेव्हा दोन थर सुटून उडाले, आणि जे टिकले त्यांच्यावर दिवाळीपर्यंत कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा उमटल्या.

उष्णतेने जोडण्याच्या पद्धतीत द्रावकाची भानगडच नसते. ॲक्रिलिक हे लांबच लांब साखळ्यांसारख्या रेणूंचे बनलेले असते. साधारण १०५ अंश सेल्सिअसच्या खाली या साखळ्या जागच्या जागी थिजलेल्या असतात. त्यावर तापमान गेले की त्या वळवळू लागतात, आणि दोन स्वच्छ पृष्ठभाग एकमेकांवर घट्ट दाबून धरलेले असतील तर एका शीटमधल्या साखळ्यांची टोके दुसऱ्या शीटमध्ये शिरतात. पुरेसा वेळ दिला की त्या परस्परांत इतक्या गुंततात की सांधा असा काही उरतच नाही. पावसाळ्यात डब्यातल्या फणसपोळ्या एकावर एक बसून त्यांचा एकच लगदा होतो, तसलाच हा प्रकार. फक्त येथे तो मुद्दाम, मोजूनमापून करायचा असतो. मधे कोणताही परका पदार्थ नसल्यामुळे प्रकाशाला अडायला किंवा परतायला काही कारण राहत नाही, आणि दोन पारदर्शक थरांमधला सांधा डोळ्यांना दिसत नाही. गोंदाच्या सांध्यात जी पुसट रेघ तिरप्या उजेडात हटकून दिसते, ती येथे नसते.

कारखान्यात पहिल्याच भेटीत आम्हाला परत पाठवण्यात आले, आणि माझ्या मते या कारखान्याच्या बाजूने सांगण्याजोगी ही पहिली गोष्ट आहे. म्हापशाहून आणलेल्या आमच्या रंगीत शीटमधून मालकांनी बोटभर रुंदीच्या दोन पट्ट्या कापल्या, एक लांबीच्या दिशेने आणि एक रुंदीच्या, आणि त्या १६० अंशांच्या भट्टीत ठेवल्या. थोड्या वेळाने एक पट्टी स्पष्टपणे आखूड व जाड झालेली होती, दुसरी जवळपास होती तशीच होती. ही शीट यंत्रातून ओढून काढलेली, म्हणजे एक्स्ट्रूडेड आहे, असे त्यांनी सांगितले. असा माल तापल्यावर ओढल्या गेलेल्या दिशेने आकसतो. साच्यात ओतून केलेली, म्हणजे कास्ट शीट दोन्ही दिशांना सारखीच आणि साधारण दोन टक्क्यांच्या आसपास आकसते. दोन जातींच्या शीट एका ठोकळ्यात घातल्या तर प्रत्येक थर आपापल्या मर्जीने आकसू पाहतो आणि तो ताण सांध्यात कायमचा कोंडला जातो. दोन्ही जातींच्या शीट दिसायला सारख्याच असतात व एक्स्ट्रूडेड स्वस्त असते. दुकानदाराने आम्हाला ती कास्ट म्हणून विकली होती. रंगीत शीट नव्याने घ्याव्या लागल्या, त्यात बारा दिवस गेले.

पुढची सगळी पूर्वतयारी पाहण्याची परवानगी मला मिळाली. निवृत्त शिक्षकाला रिकामा वेळ भरपूर असतो, आणि तेथे मला सगळे 'मास्तर' म्हणत असल्यामुळे हटकायचेही कोणी नाही. ॲक्रिलिक हवेतले पाणी शोषून घेते. प्रमाण थोडे असते, परंतु गोव्याच्या पावसाळ्यात महिनाभर गोदामात उभी राहिलेली शीट सरळ दीडशे अंशांवर नेली तर ते पाणी वाफ होऊन शीटच्या पोटात बारीक बुडबुडे काढते. म्हणून सगळे तुकडे आधी ८० अंशांवर एक रात्र सुकवले गेले. त्यानंतर प्रत्येक तुकडा सुटा तापवून त्याला जेवढे आकसायचे आहे तेवढे आधीच आकसू दिले, आणि मगच सर्व तुकडे एका मापाचे कापले. कापण्यासाठी लेझर वापरला नाही. लेझरने कापलेली कड काचेसारखी सुंदर दिसते, पण त्या उष्णतेचा ताण कडेत राहतो व पुढे तेथूनच भेगा सुरू होतात.

खरी कसोटी लागते ती धुळीशी. वरचा कागद किंवा प्लास्टिकचे आवरण सोलताच ॲक्रिलिकवर स्थिर वीज येते आणि खोलीतला प्रत्येक कण, प्रत्येक धागा तिच्याकडे धावतो. एकदा दोन शीटमध्ये सापडलेला कण पुढे कोणत्याही उपायाने निघत नाही. बोटाचा ठसासुद्धा तसाच राहतो. कारागीर शीट पाण्यात सौम्य साबणाचा एक थेंब टाकून धुतात, स्वच्छ पाण्याने खंगाळतात आणि ओलसर मऊ फडक्याने पुसून लगेच एकावर एक रचतात. स्पिरिट किंवा काच पुसण्याचे द्रावण ते जवळसुद्धा येऊ देत नाहीत, आणि ते योग्यच आहे, कारण ताण असलेल्या ॲक्रिलिकला अल्कोहोल लागले की भेगा पडतात. एवढे सगळे खरे. परंतु ज्या खोलीत हे रचण्याचे काम चालते तिचे दार करवतीच्या खोलीत उघडते, आणि मी तेथे असताना ते तीन वेळा उघडले गेले. इतक्या काटेकोर माणसांना हे दिसत नाही याचे मला नवल वाटले. त्याचा परिणाम पुढे येईलच.

रचलेला ठोकळा दोन चकचकीत स्टीलच्या पाट्यांमध्ये ठेवून, तापमान नियंत्रित करणाऱ्या प्रेसमध्ये चढवला जातो. १४५ अंशांपर्यंत जायला त्याला सकाळपासून दुपार झाली, आणि हे बरोबरच आहे: ॲक्रिलिक उष्णतेचे फार मंद वाहक आहे, सत्तर-पंचाहत्तर मिलिमीटर जाडीच्या मध्यापर्यंत ऊब पोहोचायला तास लागतात, आणि घाई केली तर बाहेरचा थर जळायच्या बेताला येतो तरी आतला थर गारच असतो. दाब मात्र मला वाटले होते त्याहून कितीतरी कमी असतो. दर चौरस सेंटीमीटरला दोन किलोच्या आसपास, म्हणजे आमच्या ठोकळ्यावर एकूण पाऊण टनापेक्षा थोडा अधिक भार होता. जास्त दाबले की मऊ झालेले थर कडेने बाहेर पसरतात आणि मजल्यांची जाडी बिघडते. शीटची जाडी सगळीकडे तंतोतंत सारखी नसते, त्यामुळे कडा आधी टेकल्या तर मधली हवा कोंडली जाते. यावर त्यांची युक्ती साधी आहे: वरच्या पाटीखाली मध्यभागी सिलिकॉन रबराचा एक लहान चौकोन आणि त्यावर मोठा चौकोन ठेवायचा, म्हणजे दाब मधून सुरू होऊन कडेकडे सरकतो व हवा बाहेर ढकलली जाते. आतली हवा ओढून घेणारी निर्वात पिशवी वापरली असती तर हे काम अधिक खात्रीने झाले असते. ती त्यांच्याकडे नाही.

त्यानंतर येतो तो भाग, ज्यासाठी गिऱ्हाईक खरे पैसे मोजते आणि ज्यात पाहण्यासारखे काहीच नसते. ठोकळा दाबाखालीच ठेवून तासाला पाच अंश या गतीने थंड केला जातो. १४५ वरून ६० अंशांवर यायला सतरा तास लागतात. बाहेरचा भाग लवकर थिजला आणि आतला मागाहून आकसला, तर ठोकळ्याच्या पोटात कायमची ओढाताण राहते. "मास्तर, घाई असेल तर आत्ताच सांगा, एकदा भट्टी पेटली की मग माझे काही चालत नाही," असे मालकांनी पहिल्याच दिवशी बजावले होते. मध्यरात्री वसाहतीतली वीज गेली तेव्हा जनरेटर सुरू करण्यासाठी माणूस तेथे झोपलेला होता. ही व्यवस्था बिलात वेगळी लावलेली नाही.

हाती आलेले ठोकळे प्रत्येकी साडेतीन किलोच्या आतबाहेर वजनाचे होते आणि पहिल्या दर्शनी निव्वळ देखणे होते. बाजूने पाहिले तर रंगाच्या सहा रेघा पाण्यात तरंगत असल्यासारख्या दिसत. तरीही आदल्या वर्षीचा अनुभव ताजा असल्यामुळे मी घरी आणून तीन परीक्षा घेतल्या. छाटलेल्या कडेच्या एका पट्टीत, बरोबर सांध्यावर, पटाशी ठेवून हातोडी मारली. पट्टी तुटली, पण भेग सांध्याच्या रेषेने न जाता आडवी-तिडवी गेली, म्हणजे सांधा हा कमकुवत भाग नव्हता. दुसऱ्या पट्टीवर स्पिरिटचा बोळा पंधरा मिनिटे ठेवला; भेगा आल्या नाहीत. तिसरी परीक्षा कोणालाही घरी करता येईल अशी आहे: संगणकाचा पडदा पांढरा करून त्याच्यासमोर ठोकळा धरायचा आणि पोलराइज्ड गॉगलमधून तो पाहायचा. आत ताण असेल तेथे इंद्रधनुष्यासारखे पट्टे दिसतात. पहिला ठोकळा जवळजवळ शांत होता. दुसऱ्याच्या एका कडेला पट्टे दिसले, आणि मोजून पाहिले तर त्याच कडेला तो दीड मिलिमीटरने पातळ भरला. प्रेसच्या पाट्या समांतर नव्हत्या.

लेथचे काम फोंड्याच्या एका जुन्या कातारी कारागिराने केले. कुंकळ्ळीच्या चितारींचे लाखकाम ज्यांनी पाहिले असेल त्यांना ठाऊक असेल, की फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबली की घर्षणाच्या उष्णतेनेच लाख वितळून लाकडावर बसते. या गृहस्थांना उष्णता आणि दाब यांचे नाते आमच्या सर्वांपेक्षा अधिक कळत होते, आणि म्हणूनच त्यांनी ॲक्रिलिक तापू न देण्याची काळजी घेतली: धारदार हत्यार, कमी गती आणि अखंड निघणारी रिबिनीसारखी साल. एकाही तुकड्याचा थर सुटला नाही. मग ओल्या पॉलिश पेपरने चारशे नंबरापासून दोन हजारापर्यंत घासून पॉलिश केले. कातल्यावर व पॉलिश केल्यावर पृष्ठभागात नवा ताण येतो, म्हणून सर्व तुकडे पुन्हा कारखान्यात नेऊन ८० अंशांवर पंधरा तास ठेवले. जाडीच्या मिलिमीटरना चाराने भागावे, तितके तास ठेवावे, असा त्याचा ठोकताळा आहे. या दुसऱ्या खेपेचे वेगळे पैसे त्यांनी घेतले, आणि ते आधी सांगितलेले नव्हते.

आता दोषांचा हिशेब. दुसऱ्या ठोकळ्याच्या पातळ कडेच्या तीन दीपस्तंभांचे मजले एका बाजूला कललेले निघाले. एका तुकड्यात तिसऱ्या व चौथ्या मजल्याच्या मधे हवेचा रुपेरी ठिपका राहिला, तुरीच्या दाण्याएवढा. आणि एका तुकड्यात, अगदी मध्यभागी, सुमारे दोन सेंटीमीटर लांबीचा एक केस आहे. तो कोणाचा, यावर मंडळात मते आहेत. मी मात्र त्याचा संबंध त्या उघड्या दाराशी लावतो. अठरातून पाच गेले, तेरा उरले आणि पारितोषिके चौदा होती. केसवाला दीपस्तंभ द्यावा लागला. तो कोणत्या गटाला गेला हे मी कोठेही सांगितलेले नाही. कललेल्या कडेबद्दल मालकांनी वाद न घालता मजुरीतली काही रक्कम सोडली. ठिपका व केस मात्र 'हाताच्या कामात एवढे चालायचेच' म्हणून सोडून दिले. हवेच्या ठिपक्याबाबत हे मला मान्य आहे, केसाबाबत नाही.

वेळेबाबतही तक्रार आहे. तीन आठवड्यांत देतो म्हणून सांगितलेले काम, रंगीत शीटचे बारा दिवस धरले नाहीत तरी, पाच आठवड्यांनी मिळाले. मधे चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, आली आणि कामगार गावी गेले. चवथीला गोव्यात काम होत नाही हे मला कळते, परंतु चवथ कधी आहे हे जुलैतही कॅलेंडरवर छापलेलेच होते. फोन केल्यास उत्तर मिळत नाही, प्रत्यक्ष गेल्यास चहासकट मिळते. मजुरी आदल्या वर्षीच्या क्लोरोफॉर्मच्या कामाच्या जवळपास तिप्पट पडली. ती ठोकळ्याच्या आकारावर नसून भट्टी किती तास अडते यावर ठरते, त्यामुळे एकच लहान ठोकळा करून घेणे फार महाग पडते आणि दोन शेजारी-शेजारी बसत असतील तर दर निम्म्याच्या जवळ येतो. हे आम्हाला बिल पाहून कळले.

ज्यांना पेटी, स्टँड, पाटी किंवा माशांची लहान टाकी करायची आहे त्यांनी या वाटेला जाऊ नये. तेथे द्रावकाचा सांधा पुरतो आणि कोणत्याही शहरात तो करून मिळतो. ज्यांना जाड, आरपार दिसणारा, पुढे कातता वा कोरता येईल असा थराथराचा ठोकळा हवा आहे, त्यांना एवढे नीट काम करणारे दुसरे ठिकाण निदान मला गोव्यात सापडलेले नाही. मी स्वतः पुढच्या वर्षीचे काम त्यांच्याकडेच दिले आहे. या वेळी शीट आम्ही आवरणासकट, न कापता आणि कास्ट असल्याची पट्टी-परीक्षा विकत घेण्यापूर्वीच करून नेल्या. प्रेसच्या पाट्या चारही कोपऱ्यांना मोजून दाखवाव्यात, दुसऱ्या खेपेच्या भट्टीचा दर आधीच लिहून द्यावा आणि रचण्याच्या दिवशी करवत बंद ठेवावी, या तीन गोष्टी कागदावर घेतल्या. तिसऱ्या अटीवर मालक थोडे हसले, पण सही केली. तारीख ठरली आहे ती मे महिन्यातली, पाऊस सुरू होण्याच्या आधीची.